व्हिसा नाही म्हणून नेपाळी कामगार बेकायदा?

महाबळेश्वरच्या हॉटेलात किंवा सांगलीतल्या सोसायटीत नेपाळी कामगार दिसला की ‘व्हिसा नाही, म्हणजे बेकायदा’ असं ठोकून दिलं जातं. साफ चूक. १९५०च्या भारत-नेपाळ करारातल्या सातव्या कलमानं दोन्हीकडच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहायची, व्यापार करायची मुभा आहे. नेपाळहून थेट येणाऱ्याला व्हिसा लागत नाही. विमानानं आला तर पासपोर्ट किंवा नागरिकता प्रमाणपत्रासारखं ओळखपत्र दाखवावं लागतं. चीनमधून आला तर मात्र व्हिसा हवाच. मतदानाचा हक्क अर्थातच नाही.

घोळ वेगळाच आहे. खुल्या सीमेवर सगळ्यांची नोंद होत नाही, आणि नेपाळचा श्रमपरवाना (परदेशात कामाला जायची सरकारी परवानगी) आखातात जाताना लागतो, भारतात येताना नाही. मग पगार बुडाला, अपघात झाला, तर परवान्यांच्या यादीत त्याचं नावच नसतं. मालकानं नागरिकता प्रमाणपत्राची प्रत आणि घरचा फोन नंबर पहिल्याच दिवशी घ्यावा. मूळ कागद मात्र अडकवून ठेवू नये.