पाणी बदललं आणि मासे मेले, असं का होतं?

"आम्हाला मासे लाभतच नाहीत." घरी फिशटँक ठेवून पाहिलेल्या कितीतरी जणांच्या तोंडी हे वाक्य असतं. जरा खोदून विचारलं की हकिगत बहुधा एकसारखीच निघते. कित्येक महिने पाण्याला कुणी हात लावलेला नव्हता, तरी मासे मजेत होते. मग सुट्टीचा दिवस बघून सगळी टाकी रिकामी केली, खडी नळाखाली खळखळून धुतली, काच लख्ख पुसली, ताजं पाणी भरलं आणि दुसऱ्या दिवशी मासे उताणे तरंगताना दिसले. यात लाभण्या-न लाभण्याचा काडीचाही संबंध नाही. शाळेत शिकलेल्या आम्ल-आम्लारीच्या धड्यात याचं बरंचसं उत्तर आहे.

मासे शरीरातला टाकाऊ नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे बाहेर सोडतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. त्याची विल्हेवाट जिवाणू लावतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, कारण त्यामुळे माशाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून न्यायला निकामी होतं. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच सौम्य.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. खडीच्या दाण्यादाण्यावर आणि फिल्टरच्या स्पंजवर थर धरून ते राहतात. टाकीतला खडा बोटांत चोळला की जो बुळबुळीतपणा लागतो, तीच त्यांची वस्ती. या खडीला कमी लेखू नका. अमोनियावर जगणारा आर्किया गटातला (जिवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या वंशाचे एकपेशीय जीव) पहिला सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत वेगळा वाढवता आला, तो सिएटलच्या मत्स्यालयातल्या एका समुद्री टाकीच्या खडीतून, २००५ साली. त्याचं नाव नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस. त्याचे भाऊबंद महासागरांत अफाट संख्येने आहेत.

पण ही मंडळी वाढतात फार सावकाश. ई. कोलाय जिवाणू अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतात. अमोनिया खाणाऱ्यांना त्यासाठी कित्येक तास, कधी दिवसाहून जास्त लागतो. म्हणून नवी टाकी स्थिरावायला साधारण ४ ते ६ आठवडे जातात. आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं ते जिवाणू मारण्यासाठीच. त्या पाण्याने खडी घासून धुतली की टाकीची मलनिस्सारण व्यवस्थाच आपण नळाखाली वाहून घालवतो.

मात्र खडीला हात न लावता नुसतं पाणी बदललं तरी मासे मरू शकतात. खरी गंमत इथे आहे.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक साधा अमोनिया, म्हणजे एनएच३. दुसरा हायड्रोजनचा आयन चिकटलेला अमोनियम, एनएच४. साध्या अमोनियावर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो कल्ल्यांच्या पातळ पटलातून सहज आत शिरतो. भारित अमोनियमला ते फार कठीण जातं. म्हणून घातक आहे तो मुख्यतः पहिला. कुठलं रूप किती, हे ठरवतो पाण्याचा सामू, म्हणजे पीएच; तो ७ पेक्षा जितका कमी तितकं पाणी आम्लधर्मी. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी सुमारे ०.६ टक्के घातक रूपात असतो, ८ ला साधारण ५.४ टक्के आणि ६ ला जेमतेम ०.०६ टक्के.

आता महिनोन्‌महिने पाणी न बदललेली टाकी घ्या. अमोनियाचं नायट्राइट होताना आम्ल तयार होतं. पाण्यातले बायकार्बोनेट क्षार ते शोषून घेतात, पण त्यांचा साठा संपला की सामू घसरू लागतो. तो ६ च्या आसपास आला की जिवाणूंचं कामही जवळजवळ थंडावतं. अमोनिया साचत जातो, पण आम्लधर्मी पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियम होऊन बसलेला असतो. मासे तगतात, पाणी नितळ दिसतं. अशा टाकीत सामू ८ असलेलं ताजं पाणी निम्मं भरलं तर एकूण अमोनिया निम्मा होतो खरा. पण टाकीचा सामू ८ च्या जवळ पोचला तर घातक रूपाचं प्रमाण आधीच्या जवळजवळ ५० पट होतं. शिवाय सामूचा अचानक बदल माशांना सोसवत नाही तो वेगळाच.

तेव्हा "पाणी कधीच बदलावं लागणार नाही" असं सांगून विकल्या जाणाऱ्या जिवाणूंच्या बाटल्यांवर विश्वास ठेवू नका. जिवाणू कितीही ओतले तरी नायट्रेट साचणार आणि बायकार्बोनेट संपणार.

दर आठवड्याला नायट्रेट लिटरमागे १० मिलिग्रॅमने वाढत असेल आणि आपण दर वेळी पाव टाकी बदलत असू, तर ते वाढत वाढत ४० पर्यंत जातं आणि तिथेच अडतं, कारण ४० चा पाव भाग म्हणजे १०. जेवढं येतं तेवढंच जातं. फक्त दहावा हिस्सा बदलला तर हाच आकडा १०० वर जाऊन थांबतो. थोडं पण नेमाने बदलणं का कामाचं, ते या हिशोबात दिसतं.

खडी साफ करायला सायफनची रुंद तोंडाची नळी घ्यावी. तोंड ५ सेंटिमीटर आणि मागची नळी सव्वा सेंटिमीटर व्यासाची असेल, तर तोंडातल्या पाण्याचा वेग नळीतल्या वेगाच्या एक षोडशांश होतो. त्या संथ प्रवाहात जड खडे उसळून परत खाली बसतात. हलका तपकिरी गाळ मात्र वर चढून निघून जातो. खड्यांवरचा थर शाबूत राहतो. तरी एका वेळी निम्म्याच भागातली खडी उपसावी, उरलेली पुढच्या वेळी. स्पंज पिळायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच. ताज्या पाण्याचं तापमान जुन्याशी जुळवावं आणि त्यातलं क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने घालवावं. पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन बरंचसं उडून जातं, पण पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीनचं सहज न उडणारं संयुग, वापरत असतील तर तो उपाय पुरत नाही.