दुचाकीचे पक्के लायसन्स: अर्ज कुठे अडतो आणि दिवस कसे मोजावेत

दुचाकीच्या लायसन्ससाठी अर्ज करणाऱ्या मुलामुलींना, आणि अलीकडे चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी गृहिणींना, फॉर्म भरून देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आले आहे. या काळात एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. गाडी नीट चालवता येत असूनही कागदांमुळे किंवा तारखेमुळे परत पाठवले जाणारे लोक पुष्कळ असतात, आणि त्यांना नेमके कुठे चुकले हे कोणी धडपणे सांगत नाही. म्हणून नेहमीच्या पायऱ्या थोडक्यात आटोपून जिथे अर्ज खरोखर अडतो त्या जागांविषयी येथे सविस्तर लिहीत आहे.

क्रम साधा आहे. परिवहन विभागाच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर अर्ज करायचा, संगणकावरची परीक्षा देऊन शिकाऊ लायसन्स घ्यायचे, सराव करायचा, मग तारीख घेऊन मोटार वाहन निरीक्षकासमोर गाडी चालवून दाखवायची आणि पक्के लायसन्स मिळवायचे. केंद्रीय नियमांप्रमाणे शिकाऊ लायसन्सचे शुल्क प्रत्येक वर्गासाठी १५० रुपये, त्याच्या परीक्षेचे ५० रुपये, चालन चाचणीचे प्रत्येक वर्गासाठी ३०० रुपये आणि पक्क्या लायसन्सचे २०० रुपये आहे. त्यावर किरकोळ सेवाशुल्क लागते. याहून कितीतरी पटींनी रक्कम मागणाऱ्या माणसाला तो पैसा नेमका कशाचा आहे, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

सर्वांत जास्त नुकसान होते ते शिकाऊ लायसन्सच्या मुदतीमुळे. ही मुदत सहा महिन्यांची असते. ‘सहा महिन्यांत कधीही अर्ज केला तरी चालेल’ असा तिचा अर्थ बहुतेक जण लावतात, आणि तोच घात करतो. या सहा महिन्यांच्या आत चाचणी उत्तीर्ण होणे अपेक्षित आहे. शिवाय शिकाऊ लायसन्स मिळाल्यापासून तीस दिवस पूर्ण होईपर्यंत चाचणीला बसताच येत नाही, म्हणजे पहिला महिना तसाही हातातून गेलेला असतो. चाचणीत नापास झाल्यास सात दिवसांच्या आत पुन्हा बसता येत नाही. तीन वेळा नापास झाल्यास शेवटच्या चाचणीपासून साठ दिवस थांबावे लागते आणि मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा अर्जदाराने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये उजळणीचे प्रशिक्षण घेणेही कायद्याने आवश्यक केले आहे.

हे दिवस एका उदाहरणावर मोजून पाहावेत. शिकाऊ लायसन्स १० जानेवारीला मिळाले, तर ते ९ जुलैपर्यंत चालते आणि चाचणीला ९ फेब्रुवारीच्या आधी बसता येत नाही. परीक्षा, सुट्टी, लग्नसराई यांत वेळ गेला, जूनमध्ये तारीख शोधायला घेतली आणि मिळाली ती थेट ३ जुलैची. त्या दिवशी पाऊस होता, मैदान निसरडे होते, पाय टेकला आणि नापास झाले. आता पुन्हा बसता येईल ते १० जुलैला, आणि लायसन्स संपले ९ जुलैला. एका दिवसासाठी सगळा क्रम पहिल्यापासून करावा लागतो: नवा अर्ज, नवे शुल्क, पुन्हा परीक्षा, पुन्हा तीस दिवस. बारावीनंतर नर्सिंगला निघालेल्या एका मुलीच्या बाबतीत मी हे जवळजवळ असेच घडताना पाहिले आहे, आणि तिला गाडी उत्तम येत होती. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की तीस दिवस पूर्ण होताच चाचणीची तारीख घ्यावी आणि दोनदा नापास होण्याइतके दिवस शिल्लक ठेवावेत. ज्या तालुक्यांत परिवहन कार्यालय नसते आणि महिन्यातील ठरावीक दिवशीच शिबिर भरते, तिथे तर हे फारच महत्त्वाचे आहे, कारण एक शिबिर चुकले की पुढचे बहुधा महिन्याने येते. शिबिराची बदललेली तारीख कित्येकदा केवळ दारावर चिकटवलेल्या कागदावरून कळते. वीस-पंचवीस किलोमीटरवरून एक दिवसाची मजुरी बुडवून येणाऱ्या माणसाला एक संदेश पाठवणे एवढे अवघड का असावे, हे मला आजवर उमगलेले नाही.

दुसरी मोठी अडचण नावाची आणि जन्मतारखेची. महाराष्ट्रात २०२१पासून आधारच्या आधारे घरबसल्या शिकाऊ लायसन्सची परीक्षा देता येते. ही सोय खरोखर चांगली आहे, परंतु तिच्यासाठी आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक चालू आणि हाताशी असावा लागतो, कारण ओटीपी त्यावरच येतो. कित्येक घरांत बायकांच्या आधारला नवऱ्याचा जुना, कधीच बंद पडलेला क्रमांक जोडलेला असतो. अशा वेळी आधी आधार केंद्रात जाऊन क्रमांक बदलून घ्यावा आणि तो बदल नोंदला गेल्यावरच लायसन्सचा अर्ज सुरू करावा. आधारचा मार्ग नको असेल किंवा जमत नसेल, तर कागदपत्रे जोडून अर्ज करता येतो आणि परीक्षा कार्यालयात जाऊन देता येते; तो मार्ग बंद झालेला नाही.

आधारवरून अर्ज केला की नाव, पत्ता आणि छायाचित्र तिथूनच उचलले जाते, आणि आधारवर जी चूक आहे ती लायसन्सवर जशीच्या तशी उमटते. जुन्या आधार कार्डांवर पूर्ण जन्मतारखेऐवजी केवळ जन्मवर्ष असते. ते लायसन्ससाठी पुरत नाही. लग्नानंतर आधारवर सासरचे नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव आणि मतदार ओळखपत्रावर तिसरेच शुद्धलेखन, हे तर आपल्याकडे घरोघरी आहे. दोन कागदांवरची नावे जुळत नसतील, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र जोडावे. दोन्ही नसल्यास आधी एक कागद दुरुस्त करून मगच अर्ज करावा, कारण ‘कागदपत्रे जुळत नाहीत’ एवढ्या तीन शब्दांत अर्ज परत येतो आणि कोणते कागद, कुठे जुळत नाहीत, याचा शोध अर्जदारालाच घ्यावा लागतो.

ज्यांच्याकडे शाळेचा दाखलाही नाही आणि जन्माचा दाखलाही नाही, अशा स्त्रियांना ‘तुम्हाला लायसन्स मिळणार नाही’ असे सरळ सांगितले जाताना मी ऐकले आहे, आणि ते चुकीचे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील चौथ्या नियमात वय आणि पत्त्याच्या पुराव्यांची यादी आहे. पुरेशा कारणामुळे त्यांपैकी काहीच देता येत नसेल, तर कार्यकारी दंडाधिकारी, प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी किंवा नोटरी यांच्यासमोर केलेले प्रतिज्ञापत्र स्वीकारण्याची तरतूद त्याच नियमात आहे. खिडकीवर नियमाचा क्रमांक सांगून नम्रपणे विचारणा करावी. तसेच खासगी दुचाकीच्या लायसन्ससाठी शिक्षणाची कोणतीही अट नाही. आठवी पास असण्याची जी अट लोकांच्या कानावर असते ती व्यावसायिक वाहनांसाठी होती, आणि तीही २०१९मध्ये रद्द झाली.

वय आणि वर्ग यांविषयी थोडे. गिअर असलेल्या मोटारसायकलीसाठी अठरा वर्षे पूर्ण हवीत. सोळाव्या वर्षी पालकांच्या लेखी संमतीने लायसन्स मिळते हे खरे आहे, पण ते ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीचे, आणि आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक पेट्रोल स्कूटरचे इंजिन १०० सीसीच्या वर असते. त्या लायसन्सवर अशी स्कूटर चालवणे म्हणजे विनालायसन्स चालवणेच होय. विनालायसन्स गाडी चालवण्याचा दंड ५,००० रुपये आहे. आणि अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही, असे मोटार वाहन कायद्याचे कलम १९९-अ सांगते. ज्या विजेच्या दुचाकींची मोटार २५० वॉटपेक्षा कमी क्षमतेची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असतो, त्यांना लायसन्स लागत नाही. अर्जात ‘गिअर नसलेली’ आणि ‘गिअरसहित’ हे दोन वेगळे वर्ग आहेत. स्कूटरवर शिकल्यामुळे पहिला वर्ग निवडला आणि वर्षाने नोकरीसाठी मोटारसायकल चालवायची वेळ आली, की नव्या वर्गासाठी पुन्हा शिकाऊ लायसन्सपासून सुरुवात करावी लागते. पुढे गिअरची गाडी चालवण्याची थोडी जरी शक्यता असेल, तरी सुरुवातीलाच गिअरसहित वर्ग घ्यावा.

प्रकृतीविषयी चाळीस वर्षांपर्यंत स्वतःचे घोषणापत्र, म्हणजे नमुना १, पुरते. चाळिशीनंतर डॉक्टरांचे प्रमाणपत्र, नमुना १-अ, लागते. त्यावर डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हे तिन्ही वाचता येतील असे असावेत. घोषणापत्रात फिट येणे, रातांधळेपणा, पंचवीस मीटरवरून गाडीचा क्रमांक वाचता येणे याविषयी प्रश्न असतात. ते न वाचता खुणा करू नयेत. रंगांधळेपणा सौम्य किंवा मध्यम असेल तर २०२०पासून लायसन्स मिळू शकते, म्हणून तो लपवण्याचे कारण उरलेले नाही.

सरावाच्या काळात गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल ‘एल’ हवा, पाटी किमान अठरा सेंटीमीटर चौरस, आणि मागे बसलेली व्यक्ती त्या वर्गाचे पक्के लायसन्स असलेली, शिकवणारी व्यक्ती असली पाहिजे. मैत्रिणीला मागे बसवून कॉलेजला जाण्याची मुभा शिकाऊ लायसन्स देत नाही. हेल्मेट पहिल्या दिवसापासून वापरावे. शिकणारा माणूसच जास्त पडतो.

चाचणीच्या दिवशी गाडी आपली आणावी लागते. ती दुसऱ्याच्या नावावर असली तरी चालते, पण नोंदणी प्रमाणपत्र, चालू विमा आणि पीयूसी सोबत हवेत. गाडी नवी असेल तर पहिल्या नोंदणीपासून वर्षभर पीयूसी लागत नाही. ज्या वर्गाचा अर्ज, त्याच वर्गाची गाडी हवी. गिअरचा अर्ज करून स्कूटर घेऊन आलेल्यांना दारातूनच परतावे लागते. विमा परवाच संपल्याचे मैदानावर लक्षात येणारेही दर खेपेला भेटतात.

मैदानावर बहुधा आठच्या आकड्याची वळणे घ्यावी लागतात आणि पाय टेकू द्यायचा नसतो. इथे पडतात ते वेगामुळे नव्हे, घाबरून फार हळू झाल्यामुळे. पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबून, इंजिनाला थोडी ताकद देत, वेग केवळ मागच्या ब्रेकने आवरावा. वळणात पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी होते. नजर पुढच्या चाकावर न ठेवता वळण जिथे संपते तिथे ठेवावी, गाडी आपोआप तिकडे जाते. घराजवळच्या मोकळ्या जागेत खडूने आठ काढून रोज वीस मिनिटे असा सराव केला, तर दोन आठवड्यांत बहुतेकांना जमते. सुरू करण्यापूर्वी मागे पाहणे, हाताने इशारा देणे, सांगितल्या जागी थांबणे याकडेही निरीक्षकाचे लक्ष असते, आणि चांगली गाडी चालवणारी तरुण मुले नेमकी इथे निष्काळजी राहतात.

ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र दाखवले की चाचणी माफ होते, अशी समजूत जून २०२४मध्ये खूप पसरली आणि केंद्रीय मंत्रालयाला खुलासा करावा लागला. सवलत आहे ती शासनाने मान्यता दिलेल्या विशिष्ट प्रशिक्षण केंद्रांतून अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांना. कोपऱ्यावरच्या प्रत्येक स्कूलला ती लागू नाही. ‘चाचणी द्यावीच लागणार नाही’ असे सांगून पैसे घेणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

उत्तीर्ण झाल्यावर कार्ड टपालाने अर्जातल्या पत्त्यावर येते. आधारवर गावाचा पत्ता आणि राहणे शहरात, अशा विद्यार्थ्यांची कार्डे ‘पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा घेऊन कार्यालयात परत जातात आणि महिनोन्‌महिने तिथेच पडून राहतात. गावाकडे कोणी टपाल घेणारे असेल याची आधीच खात्री करावी, पिनकोड तपासावा, आणि कार्ड आले नाही तर अर्ज क्रमांक व जन्मतारीख घालून सारथीवर त्याची स्थिती पाहावी. तोवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधील लायसन्स कागदी लायसन्सइतकेच ग्राह्य आहे. रस्त्यात अडवल्यास तेच दाखवावे. त्यावर गाडीचा वर्ग आणि नावाचे शुद्धलेखन पहिल्याच दिवशी तपासून घ्यावे आणि चूक दिसल्यास चाचणी दिलेल्या कार्यालयाला लगेच लेखी कळवून त्या पत्राची पोच घ्यावी.