अंड्यातली मेंढरं आणि चार वर्षांचं भाडं

अकाउंटिंगचा इतिहास म्हटलं की लगेच 1494 आणि इटालियन गणितज्ञ लुका पाचोली, कारण व्हेनिसमध्ये छापलेल्या त्याच्या गणिताच्या जाडजूड पुस्तकात डबल एन्ट्रीवर, म्हणजे प्रत्येक रक्कम एका खात्यात नावे आणि दुसऱ्यात जमा दाखवायच्या पद्धतीवर, एक भाग होता, मग काय, लोकांनी त्याला थेट जनकच करून टाकलं. खरं तर व्यापारी आधीच जे करत होते ते त्यानं नीट मांडलं एवढंच.

आधीच म्हणजे कधी? फ्लॉरेन्सच्या फारोल्फी व्यापाऱ्यांच्या 1299-1300 च्या खतावणीची थोडी पानं उरलीत. त्यात दुकानाचं चार वर्षांचं भाडं आगाऊ भरलंय, 16 पौंड, आणि वर्ष संपल्यावर खर्चात टाकलेत फक्त 4, बाकीचे 12 पुढे ओढलेत. आज कुठलाही अकाउंटंट हेच करेल! अभ्यासक अशाच नोंदी शोधत बसतात, नावे टाकलेली रक्कम दुसऱ्या कुठल्या खात्यात जमा झालीय का ते पानापानावर जुळवत. किचकट काम आहे, पण पद्धत खरंच वापरात होती का ते असंच कळतं.

आणखी मागे गेलं तर कागदच नाही. पश्चिम आशियात उत्खननात मातीचे छोटे गोळे, शंकू, चकत्या ढिगानं सापडायच्या, त्यांचं काय करायचं कुणालाच कळेना. कोडं सुटायला मदत झाली ती इराकमधल्या नुझी या प्राचीन शहरातल्या एका पोकळ मातीच्या अंड्यामुळे, साधारण 3500 वर्षांपूर्वीच्या. वर मेंढ्या, कोकरं, शेळ्यांची यादी आणि मेंढपाळाचा शिक्का, आत जवळपास 50 खडे, म्हणजे जनावरामागे एक खडा!

पुरातत्त्वज्ञ डेनिस श्मांट-बेसेरा यांनी मग जगभरातल्या म्युझियममधल्या हजारो चकत्या तपासल्या. त्यांचं म्हणणं असं की नुझीच्याही खूप आधी लोक हिशेबाच्या चकत्या मातीच्या मोठ्या पोकळ गोळ्यात बंद करायचे, पण आत किती आहेत बघायला गोळा फोडावा लागायचा, म्हणून बाहेरून ठसे उमटवायला लागले, आणि ठसे दिसतायत तर आत चकत्या कशाला, सपाट पाटी पुरे, तिथूनच लिखाण आलं. सगळ्यांना हे इतकं सरळ पटत नाही, मलाही जरा जास्तच सुबक वाटतं, पण सर्वात जुन्या पाट्यांवर बहुतेक धान्य-जनावरांचे हिशेबच आहेत हे खरं. हल्ली न फोडलेले गोळे सीटी स्कॅनमध्ये घालून आतलं मोजतात.

नुझीच्या अंड्याला मात्र स्कॅनचा उपयोग नाही. आतले खडे नंतर हरवले, त्यामुळे यादी शिल्लक आहे पण ताळा करायला दुसरी बाजूच नाही.