ओव्हरफुल एचबॉक्स : लाटेक ओळ कुठे तोडतं?

लाटेक म्हणजे लेख-पुस्तकांची छापील मांडणी करणारी संगणक प्रणाली. ती नव्याने शिकणाऱ्यांमध्ये एक समजूत पक्की असते. लॉगमध्ये, म्हणजे लाटेकच्या नोंदींत, ‘ओव्हरफुल एचबॉक्स’ (ओळ समासाबाहेर गेल्याचा इशारा) दिसलं की त्या ओळीत दोन बॅकस्लॅश (ओळ तोडण्याची खूण) टाकायचे, काम झालं. प्रत्यक्षात ती ओळ आखूड राहते, आणि पुढे मजकुरात दोन शब्द वाढले की तोड भलत्याच जागी दिसते. तेच बॅकस्लॅश परिच्छेदाच्या शेवटी टाकले तर एक रिकामी ओळ तयार होते आणि ‘अंडरफुल, बॅडनेस 10000’ असा, म्हणजे ओळ फारच विरळ असल्याचा, नवा इशारा येतो.

लाटेकच्या पोटात संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांचं टेक हे मूळ मांडणी-सॉफ्टवेअर असतं. ते एकेक ओळ भरत पुढे जात नाही. अख्खा परिच्छेद हाती आल्यावरच पहिली ओळ ठरवतं. क्नुथ आणि मायकेल प्लास यांनी 1981 साली सविस्तर मांडलेली ही रीत फार देखणी आहे.

नेहमीच्या 10 पॉइंटच्या फाँटात दोन शब्दांमध्ये 3.33 पॉइंट जागा असते. ती 1.67 ने ताणायची आणि 1.11 ने आवळायची मुभा असते. आवळण्याची हद्द ओलांडता येत नाही, ताणण्याची येते. लागलेला ताण भागिले मुभा, त्याचा घन, गुणिले 100, हा झाला बॅडनेस. निम्मी मुभा वापरली तर सुमारे 12, पूर्ण वापरली तर 100. मग प्रत्येक ओळीच्या बॅडनेसमध्ये 10 मिळवून वर्ग करायचा. ओळीच्या शेवटी शब्द तोडला असेल तर 50 चा वर्ग आणखी. ही बेरीज जिथे सर्वांत कमी, ती मांडणी पक्की. वर्गाची करामत पाहा : दोन ओळींचे बॅडनेस 50 आणि 50 असतील तर बेरीज 7200, पण 0 आणि 100 असतील तर 12200. एक ओळ सुरेख आणि शेजारची विरळ, हे टेकला महाग पडतं. तोडायच्या 30 जागा असल्या तर 107 कोटी पर्याय होतात. ते सगळे तपासावे लागत नाहीत, कारण ढोबळमानाने प्रत्येक जागेपर्यंतचा सर्वांत स्वस्त मार्गच लक्षात ठेवला जातो.

आधी शब्द न तोडता 100 पर्यंतचा बॅडनेस चालवून पाहिला जातो, नंतर शब्द तोडून 200 पर्यंतचा. तरीही जमलं नाही तर मजकूर समासात घुसतो. तो किती पॉइंट बाहेर गेला, हाच इशाऱ्यातला आकडा असतो. 72.27 पॉइंट म्हणजे 1 इंच. अर्धा पॉइंट सोडून द्या, 15 पॉइंट म्हणजे सुमारे 5 मिलिमीटर, ते खटकणारच.

फाइलच्या सुरुवातीच्या ‘डॉक्युमेंटक्लास’ आज्ञेला ‘ड्राफ्ट’ पर्याय दिला की अशा ओळीपुढे काळी पट्टी उमटते (चित्रांच्या जागी मात्र रिकाम्या चौकटी येतात). मग कारण शोधा. लांब वेबपत्ता असेल तर यूआरएल पॅकेज (लाटेकला जोडायची सुविधा) वापरा. जोडरेघ असलेला शब्द टेक आपणहून त्या रेघेपाशीच तोडतं, तर ‘लेफ्ट-राइट’ आज्ञांनी घातलेल्या कंसांमधलं सूत्र आत तुटतच नाही. ते स्वतंत्र ओळीत मांडा. अक्षरांची रुंदी किंचित कमीजास्त करणारं मायक्रोटाइप पॅकेज घेतलं की निम्मे इशारे आपोआप गळतात असा प्रचार असतो. फायदा होतो, पण किती ते मजकुरावर ठरतं. ‘लाटेकमध्ये मांडलेला लेख म्हणजे भरवशाचा’ हा समज तर सोडूनच द्यावा, चुकीचं सूत्रही तितकंच सुबक छापलं जातं.

एवढं करून इशारा उरलाच, तर ‘इमर्जन्सीस्ट्रेच’ला (ओळींना जास्तीचा ताण देणारी मुभा) 3 एम किंमत द्या (एम म्हणजे साधारण फाँटाच्या आकाराएवढी रुंदी), टेक तिसरी फेरी मारतं. ‘स्लॉपी’ ही ढिलाईची आज्ञा सगळ्या लेखाला लावू नका, त्यात बॅडनेसची सहनमर्यादा 200 वरून 9999 वर जाते आणि ओळींत भगदाडं पडतात. हे सगळं मजकूर पक्का झाल्यावरच करा. आणि बरेचदा वाक्यातला एखादा शब्द बदलला तरी भागतं.