माहिती अधिकारातील शास्ती

मागितलेली माहिती वाजवी कारणाशिवाय अडवणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्याला माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २० नुसार होणारा दंड. तो केंद्रीय किंवा राज्य माहिती आयोग बसवतो. दंड त्या अधिकाऱ्याला व्यक्तिशः भरावा लागतो, बहुधा पगारातून कापून. कायद्याची खरी धार यातच आहे.

दंड दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये. अर्ज न स्वीकारणे, ३० दिवसांची मुदत उलटू देणे (जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास ४८ तास), दुष्ट हेतूने नकार देणे, जाणूनबुजून चुकीची किंवा अर्धवट माहिती देणे, मागितलेली माहिती नष्ट करणे, या साऱ्याला तो लागू होतो. दंडापूर्वी अधिकाऱ्याचे म्हणणे ऐकावेच लागते, पण आपण तत्परतेने वागलो हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याचीच. त्याने ज्या सहकाऱ्याची मदत मागितली तोही कलम ५(५) नुसार जन माहिती अधिकारी मानला जातो. माहिती न मिळाल्यास ज्याच्याकडे पहिले अपील करायचे तो प्रथम अपिलीय अधिकारी मात्र कलम २० मधून सुटतो, ही मोठी उणीव आहे.

दुसरी उणीव हिशेबातच आहे. शंभर दिवसांत कमाल रक्कम गाठली जाते. त्यापुढे कितीही उशीर झाला तरी दंड वाढत नाही, आणि आयोगाकडील दुसऱ्या अपिलाच्या (द्वितीय अपील) सुनावणीला बहुधा त्याहून अधिक काळ लागतो. दंडाचे पैसेही सरकारजमा होतात. अर्जदाराला भरपाई हवी असल्यास ती कलम १९(८) खाली वेगळी मागावी लागते. वारंवार कसूर करणाऱ्याविरुद्ध आयोग शिस्तभंगाच्या कारवाईची शिफारस करतो.

‘अभिलेख (म्हणजे कार्यालयीन कागदपत्र) गहाळ आहे’ हे उत्तर अर्जदारांच्या चांगलेच परिचयाचे. माहिती नाकारण्याच्या कायदेशीर कारणांत ते कुठेच नाही. एकेकाळी उपलब्ध असलेली माहिती सापडत नसेल तर चौकशी करून जबाबदारी निश्चित करावी, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. कागद नियमबाह्य रीतीने नष्ट केला असेल तर प्रकरण दंडापुरते राहत नाही: केंद्राच्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ च्या कलम ९ खाली पाच वर्षांपर्यंत कारावास, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. महाराष्ट्राने २००५ मध्ये राज्याच्या अभिलेखांसाठी असाच स्वतंत्र कायदा केला.