‘माझ्यामुळे तो सुधारेल’: एका जुन्या सूत्राची पार्श्वभूमी

किशोरवयीनांच्या प्रेमकथांतला नायक मुलीवर पाळत ठेवतो, तिने कुणाला भेटायचं ते ठरवतो, वर या सगळ्याला प्रेम म्हणतो. ही तक्रार जोरात ऐकू येऊ लागली ती २००५ साली ‘ट्वायलाइट’ ही रक्तपिपासू नायकाची प्रेमकथा आल्यानंतर. नायक मात्र त्याहून बराच जुना आहे. किमान १७४० सालापासूनचा.

त्या वर्षी लंडनमध्ये सॅम्युअल रिचर्डसनची ‘पामेला’ ही कादंबरी निघाली. पामेला पंधरा वर्षांची मोलकरीण. मालक तिच्यामागे हात धुऊन लागतो. ती झोपते त्या खोलीत लपून बसतो. आईवडिलांकडे पोचवतो म्हणून गाडीत बसवतो आणि दूरच्या इस्टेटीवर नेऊन कोंडतो. तिने लपवलेली पत्रं मिळवून वाचतो. आणि ती वाचूनच त्याला पाझर फुटतो, लग्न होतं. कादंबरीच्या नावातच पुढे जोडलं होतं: ‘सद्गुणाचं बक्षीस’. म्हणजे बक्षीस कोण, तर कोंडून ठेवणारा तोच. पुढच्याच वर्षी हेन्री फील्डिंगने ‘शामेला’ लिहून तिची खिल्ली उडवली, पण त्याच्या विडंबनात लबाड ठरली ती मुलगीच.

रिचर्डसनला बहुधा आपण काय करून बसलो ते उमगलं असावं. १७४७-४८मध्ये आलेल्या ‘क्लॅरिसा’च्या प्रस्तावनेत त्याने, सुधारलेला बदफैली माणूस उत्तम नवरा होतो, या समजुतीविरुद्ध चक्क ताकीद दिली. इथला लव्हलेस क्लॅरिसाला गुंगीचं औषध देऊन तिच्यावर बलात्कार करतो, ती त्याच्याशी लग्न साफ नाकारते आणि शेवटी मरते. तरी कादंबरीचे भाग निघत असताना वाचकांची गळ चालूच होती, की दोघांचं जमवा. लोक लव्हलेसवर भाळतात हे पाहून रिचर्डसनने पुढच्या आवृत्त्यांत त्याला आणखी काळा रंगवला. फारसा उपयोग झाला नाही.

हाच प्रकार शंभर वर्षांनी ब्राँटे या इंग्रज लेखिका बहिणींच्या घरात घडला. एमिलीच्या ‘वदरिंग हाइट्स’मधला (१८४७) हीथक्लिफ आज प्रेमवीरांच्या यादीत बसवला जातो. पण कादंबरीत इझाबेला नावाची एक मुलगी आहे. हीथक्लिफ हा कथेतला रांगडा नायक आहे असं मनाशी धरून ती त्याच्याबरोबर पळून जाते. जाताना तो तिच्या लाडक्या कुत्र्याला फासावर टांगतो. पुढे तो स्वतःच तिची टर उडवतो, की हिने मला प्रेमकथेतला नायक समजलं! चुकीचं वाचन काय असतं ते लेखिकेने पुस्तकातच दाखवून ठेवलंय, आणि नेमकं तेच पान विसरलं जातं.

धाकटी अ‍ॅन त्याहून रोखठोक. ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’मधली (१८४८) हेलन अठरा वर्षांची असताना, माझ्या संगतीने हा सुधारेल, या खात्रीने एका उडाणटप्पूशी लग्न करते. तो सुधारत नाही. ती मुलाला घेऊन घर सोडते. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत अ‍ॅनने लिहिलं, की कोवळ्या वाटसरूला खड्डे दाखवावेत, फांद्या-फुलांनी झाकू नयेत. अ‍ॅनच्या मृत्यूनंतर पुनर्मुद्रणाचा विषय निघाला तेव्हा थोरल्या शार्लटने ही कादंबरी जपण्याजोगी नाही असं मत दिलं. शार्लटची स्वतःची ‘जेन आयर’ मात्र दणक्यात चालत होती. तिचा नायक पहिल्या बायकोला माळ्यावर कोंडून जेनशी लग्न करायला निघालेला.

विसाव्या शतकात हे सूत्र घाऊक झालं. १९१९च्या ‘द शेख’मध्ये नायिका पळवून नेणाऱ्या, बलात्कार करणाऱ्याच्याच प्रेमात पडते. दोन वर्षांत त्यावर चित्रपट आला आणि त्यातला नट रुडॉल्फ व्हॅलेंटिनो घराघरांत पोचला. मुलींसाठी वेगळी लिहिलेली पुस्तकं त्या मानाने सौम्य होती. १९४२ची ‘सेव्हन्टीन्थ समर’ एका उन्हाळ्याची साधी गोष्ट सांगते आणि निरोपावर संपते.

मग हे सूत्र किशोरांच्या पुस्तकांच्या कपाटात आलं कसं? माझ्या मते कारण कथेच्या रचनेत आहे. प्रेमकथेला अडसर लागतो. पूर्वी तो घरच्यांचा, पैशाचा, खानदानाचा असे. ते अडसर सैल पडले तसा अडसर नायकाच्याच आत जाऊन बसला. तो रागीट, दुखावलेला, धोकादायक. ‘ट्वायलाइट’मध्ये तर तो अक्षरशः रक्तपिपासू आहे. हा नायक एडवर्ड नायिका बेलाला न सांगता रात्री तिच्या खोलीत येऊन ती झोपलेली पाहत बसतो. तिसऱ्या भागात, तिने जेकब या मित्राला भेटू नये म्हणून तिच्या ट्रकच्या इंजिनाचा एक भाग काढून ठेवतो. बेलाच्याच तोंडून गोष्ट ऐकत असल्यामुळे हा जाच वाचकालाही काळजीसारखा वाटतो. शिवाय बेलाचं आवडतं पुस्तक कोणतं, तर ‘वदरिंग हाइट्स’. २००९मध्ये त्या कादंबरीची ‘ट्वायलाइट’च्या धर्तीवर काळं मुखपृष्ठ घातलेली आवृत्ती बाजारात आली. त्यावर छापलं होतं: बेला आणि एडवर्डचं लाडकं पुस्तक. इझाबेला पुन्हा फसली.

२०१३मध्ये अ‍ॅना टॉडने एका गायकाच्या चाहत्यांसाठी वॉटपॅड या कथा-कादंबऱ्यांच्या संकेतस्थळावर ‘आफ्टर’ ही कादंबरी प्रकरणाप्रकरणाने लिहायला घेतली. नायिकेच्या कौमार्यावर लागलेली पैज, भांडण, माफी, पुन्हा भांडण. रोजच्या हप्त्याला हे चक्र फारच सोयीचं पडतं, सुखी जोडप्याच्या पुढच्या प्रकरणाची कोण वाट बघणार?

अ‍ॅनचा वारसाही तुटला नव्हता. ‘ट्वायलाइट’च्या पाच वर्षं आधीच सारा डेसनने ‘ड्रीमलँड’मध्ये मारहाण करणाऱ्या मित्राच्या कचाट्यात सापडलेली सोळा वर्षांची मुलगी रंगवली होती. कॉलीन हूवरची २०१६ची ‘इट एन्ड्स विथ अस’ मोठ्यांसाठीची, तरी टिकटॉकवरून ती किशोरवयीन वाचकांपर्यंत भरपूर पोचली. तिची नायिका मारणाऱ्या नवऱ्याला सोडते. जानेवारी २०२३मध्ये याच कादंबरीवर रंग भरायची वही येणार असं जाहीर झालं. वाचक भडकले आणि वही मागे घेतली गेली.