प्रोलॅक्टिन किंवा आयजीएफ-१ तपासायला आलात? रक्त देण्याआधी हे वाचा

चिठ्ठीवर ‘पिट्युटरी’ हा शब्द दिसला की काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला : कॅन्सर तर नाही ना? पिट्युटरीच्या गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात. मग त्या होतात कशा?

मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खळग्यात बसलेली ही वाटाण्याएवढी ग्रंथी. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. तिच्या पेशींना वरून हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागाचे आणि शेजारच्या पेशींचे सतत निरोप येतात. एफजीएफसारखे वाढघटक ‘वाढ’ म्हणतात, तर प्रोलॅक्टिन (आईच्या दुधाचं हॉर्मोन) बनवणाऱ्या पेशींना डोपामाइन आणि टीजीएफ-बीटा ही निरोप देणारी रसायनं आवरून धरतात. हा आवर सैल पडला की त्या पेशी वाढत सुटतात. कॅबरगोलिनची गोळी डोपामाइनचाच निरोप देते, म्हणून ती आठवड्यातून एकदा-दोनदा घेऊनही गाठ बरेचदा आक्रसते.

ग्रोथ हॉर्मोनच्या गाठींची तऱ्हा वेगळी. त्यातल्या सुमारे ४० टक्के गाठींत जीएनएएस या जनुकात बिघाड सापडतो. दारावरच्या बेलचं बटण आत अडकून बसावं, तसं होतं. बाहेर कुणी नसतं, पण बेल वाजतच राहते आणि ग्रोथ हॉर्मोन जास्त बनत राहतं. अंगठी निघेनाशी होते, चपलेचा नंबर वाढतो. हे इतकं हळूहळू होतं की घरच्यांनाही कळत नाही. डॉक्टरांकडे जाताना पाच-दहा वर्षांपूर्वीचा फोटो न्या.

ग्रोथ हॉर्मोन रक्तात लाटांसारखं येतं-जातं, त्यामुळे एकदाच मोजून फारसं हाती लागत नाही. त्याच्या सांगण्यावरून यकृत जे आयजीएफ-१ बनवतं, ते दिवसभर बरंचसं स्थिर असतं. त्याची नॉर्मल पातळी वयानुसार बदलते, तेव्हा फॉर्मवर वय खरं लिहा. दोन-चार वर्षं कमी सांगायची ही जागा नव्हे!

प्रोलॅक्टिनसाठी मात्र आधी ॲसिडिटीच्या गोळ्यांची स्ट्रिप उलटी करून बघा. पँटोप्राझोलशेजारी डोमपेरिडोन छापलंय? ते डोपामाइनची वाट अडवतं आणि गाठ नसतानाही आकडा चढतो. केसांसाठी घेतात त्या बायोटिन या व्हिटॅमिननेही काही यंत्रांवर आकडा चुकतो. घेत असाल तर आम्हाला सांगा, पण डॉक्टरांना न विचारता कुठलीच गोळी बंद करू नका.

एमआरआय झाला असेल तर तो रिपोर्ट आणा. प्रोलॅक्टिन अफाट वाढलं की काही वेळा यंत्र फसतं आणि किरकोळ आकडा दाखवतं. गाठ मोठी दिसत असेल, तर तोच नमुना पातळ करून आम्ही पुन्हा लावतो. त्यासाठी परत सुई टोचावी लागत नाही.